बोलण्याआधीची ऊब

कॉम्प्युटरच्या दुकानात तिओ टोकेनं, म्हणजे मालकानं, नमुन्याचा प्रोसेसर प्लास्टिकच्या डबीतून काढून रोहायाच्या तळहातावर ठेवला, आणि तिच्या बोटांनी तिला न विचारताच तो कडांनी धरला. अंगठा एका कडेला, मधलं बोट समोरच्या कडेला, बाकीची बोटं लांब उचललेली. तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. सांबलची मिरची वाटणारा, नवऱ्याच्या, गझालीच्या गळ्यावरचं फडकं बदलणारा आताचा हात नव्हताच तो. तो एका कोवळ्या मुलीचा हात होता आणि इतकी वर्षं गुपचूप हिच्या मनगटाला चिकटून राहिला होता. मॉलच्या वरच्या मजल्यावर कुठेतरी नाणं टाकून हलणारा लहान मुलांचा झोपाळा गाणं म्हणत होता, शेजारच्या दुकानात फोनच्या काचा बदलत होते, आणि रोहाया त्या चौकोनी तुकड्याकडे बघत उभी राहिली.

"तुम्हाला शिकवायला नको, मकचिक," तिओ म्हणाला. तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला तो मकचिक, काकी म्हणायचा. पन्नाशीचा, ढेरपोट्या, चष्मा कायम कपाळावर. "बाकी गिऱ्हाईक बिस्कीट धरल्यासारखं मधोमध धरतं. मग मी दिवसभर ठसे पुसत बसतो."

"बायान लेपासच्या कारखान्यात होते मी. लग्नाआधी."

"मग तुम्हीच बनवला असेल हा," असं म्हणून तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला केबल काढून द्यायला वळला.

त्यानं गंमत केली होती. पिनांगमध्ये ही गंमत कुणीही कुणाच्याही काकीशी करतं; प्रत्येक घरातली एखादी तरी काकी त्या कारखान्यांतून येऊन गेलेली असते. पण रोहायानं तुकडा उजेडाकडे धरला. धातूच्या झाकणावर बारीक अक्षरं कोरलेली होती आणि सगळ्यात खाली तिच्याच देशाचं नाव होतं. तिनं तुकडा पालथा केला. मागच्या बाजूला सोन्याचे ठिपके होते, ओळीनं, खूप. शेतात रोपं लावल्यासारखे. त्या वर्षांत तिनं असे किती तुकडे हाताखालून घातले असतील, पण एकदा खोक्यात बंद झाल्यावर ते कुठे जातात, तिथे जाऊन काय करतात, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. जन्मभर बाळंतपणं केलेल्या सुईणीनं एकही मोठा झालेला माणूस पाहू नये, तसं काहीतरी. आणि आता एक माणूस समोर उभा राहिला होता.

केडाहमधल्या गावातून ती आणि झैतून एकाच बसनं आल्या होत्या. झैतून तिची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींना निळे झगे मिळाले, केस झाकणाऱ्या टोप्या मिळाल्या, आणि अशा एका लांबलचक खोलीत बसवण्यात आलं की जिथे रोहायाला आयुष्यात पहिल्यांदा भरदिवसा थंडी वाजली. समोर मायक्रोस्कोप. डोळा लावला की आधी काळोख, मग स्वतःच्या पापणीची सावली, आणि मग एकदम, खाली, गाव. मसुरीच्या डाळीएवढ्या तुकड्यावर अख्खं गाव. सरळ रस्ते, त्यांना फुटलेल्या गल्ल्या, चौक, बंद अंगणं. कुठे चांदी, कुठे गंज, कुठे भुंग्याच्या पंखासारखं हिरवं. माणूस एकही नाही. विमानात ती कधी बसली नव्हती, पण शुक्रवारच्या नमाजाला सगळे निघून गेल्यावर गाव वरून असंच दिसत असणार, अशी तिची खात्री झाली. तिचं काम एवढंच होतं की गावाच्या वेशीवरून बाहेरच्या काठापर्यंत सोन्याची तार न्यायची. केसाहून बारीक. टेकवायची, उचलायची, कमान करायची, पुन्हा टेकवायची. एक पूल झाला. मग पुढचा. संध्याकाळी वसतिगृहात डोळे मिटले तरी पुलांमागून पूल दिसत राहायचे, आणि झैतून अंधारात, रोहायाचं नुसतं याह करून, विचारायची, "याह, तुझ्या गावात आज कुणी दिसलं का?" रोहाया म्हणायची, "झोप गं." एकदा तिनं कारखान्यातल्या एका इंजिनियरला धीर करून विचारलं होतं, साहेब, ह्याच्या आत काय असतं. तो घाईत होता. "हो आणि नाही," तो म्हणाला. "बस, एवढंच असतं आत." तिला वाटलं त्यानं उडवून लावलं. पण ते उत्तर तिच्या डोक्यातून गेलं नाही. भात वाढताना, कपडे पिळताना ती मनाशी म्हणत राही: हो, नाही, नाही, हो. त्याच्यापासून काय बनतं?

आणि मग ती दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. शेजारच्या जागेवरून झैतून उठून उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तो वर बघतोय." कोण, असं विचारेपर्यंत तिचा चेहरा गेला होता, म्हणजे चेहरा तिथेच होता, पण त्यात झैतून नव्हती. गल्लीत एक म्हातारा उभा आहे, त्याचे केस ओले आहेत, त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, असं ती सांगत होती, आणि सांगता सांगता तो आवाज किंकाळी झाला. ती किंकाळी ओळीनं पसरत गेली. मुली मुलींना धरत होत्या, चार चार पुरुषांना एक मुलगी आवरत नव्हती. दुसऱ्या दिवशी बोमो, भुतं उतरवणारा मांत्रिक, आला, फाटकापाशी बोकड कापला, अख्ख्या गावाच्या किमतीच्या यंत्रांवर पिवळे तांदूळ उधळले, आणि दुपारी काम पुन्हा सुरू झालं. झैतूनला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. तिच्या जागेवर रोहायाला बसवलं. रोहायानं डोळा लावला आणि आधी म्हाताऱ्याला शोधलं. प्रत्येक गल्लीत शोधलं. तो नव्हता. पण त्या शोधण्यात तिला काहीतरी झालं. आजवर ते गाव म्हणजे वर काढलेली नक्षी होती. आता ती जागा झाली. जिथे कुणी असू शकतं, जिथून कुणी वर बघू शकतं, अशी खोल जागा. तिच्या हातावरचे केस उभे राहिले, पण भीतीनं नाही. लहानपणी वडिलांचं बोट धरून आलोर स्तारच्या मोठ्या मशिदीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा घुमटाखाली असंच झालं होतं, चपलेशिवायचे पाय एकदम हलके. हे तिनं लग्नानंतर फक्त गझालीला सांगितलं. तो फेरीबोटीवर गाड्या लावायचं काम करायचा. सगळं ऐकून घेतलं त्यानं, आणि म्हणाला, "मग त्या गावात चाललं काय होतं?" ती म्हणाली, "मला काय माहीत?" "त्या म्हाताऱ्याला विचारायचं होतंस. उगाच बकरा कापला."

असा होता तो. आणि आवाज असा की बटरवर्थच्या धक्क्यावरून ओरडला तर बोटीच्या दुसऱ्या टोकाचा ड्रायव्हर ब्रेक लावायचा. अजून पुढे, अजून, अजून, बस्स. खालून इंजिनं गर्जत असायची आणि त्यांच्या वर त्याचा आवाज, शेवटचा शब्द जरा लांबवलेला. घरात तो त्याच आवाजात मीठ मागायचा. शेजारणीला रोहायाच्या घरी आज काय शिजलंय हे विचारावं लागायचं नाही. गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. आता तो गळ्यापाशी पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. हसला तर नुसती हवा येते. रडला तरी तीच. पहिल्या महिन्यात त्यांच्या घरात मान हलवण्याची भाषा आली. भात वाढू? होकार. दुखतंय? नकार. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं. त्यातून डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज यायचा, ते त्यानं एकदाच वापरलं आणि कपाटावर ठेवून दिलं. मग फोन. टाइप केलं की फोनमधली बाई वाचून दाखवायची. पण ती बातम्या देणारी बाई होती. गझाली आपल्या पिनांगी बोलीत लिहायचा आणि ती बाई प्रत्येक शब्द इस्त्री करून, रोहायाला अहो-जाहो करत, चहा मागायची. पहिल्यांदा दोघं हसले होते. दुसऱ्यांदा रोहाया एकटीच हसली, आणि तिनं पाहिलं की तो भिंतीकडे तोंड करून बसलाय. त्यानंतर फोनही बंद झाला. पूर्वी ज्या घरात आवाज मावत नसे, त्या घरात आता गळ्यातल्या नळीची शिटी तेवढी ऐकू यायची. छताचा पंखासुद्धा तो बंद करायला लावायचा. त्या घरघरीत तिच्या पावलांची चाहूल लागत नाही, हे तिला फार उशिरा कळलं.

उपाय मुलीनं शोधला. नुरैनी जोहोरला असते. कॉलेजात असताना तिनं अभ्यासासाठी बापाकडून, तिच्या अबाहकडून, फेरीबोटीच्या गोष्टी सांगून घेतल्या होत्या आणि त्या रेकॉर्ड केल्या होत्या. "त्यावरून कॉम्प्युटर अबाहचा आवाज शिकतो, मक. शिकवायचं मी इथून बघते. पण बोलायला घरात कॉम्प्युटर हवा. बाकी काही स्वस्तातलं चालेल, प्रोसेसर तेवढा बरा घे." एवढं सांगून तिनं तिओच्या दुकानाचं नाव दिलं.

तिओनं केबलचं गिऱ्हाईक उरकलं आणि काउंटरवर दोन खोकी मांडली. "तुम्ही सांगितलंत तेवढ्या पैशांत दोन रस्ते आहेत. हा मोठा प्रोसेसर, ह्यात डोकी जास्त. ह्याच्याबरोबर त्याला थंड ठेवणारा कंपनीचा छोटा कूलर फुकट मिळतो. नाहीतर हा धाकटा प्रोसेसर, आणि उरलेल्या पैशात हा." त्यानं दुसऱ्या खोक्यातून पत्र्यांची एक उंच चवड बाहेर काढली. पातळ, चकचकीत पत्रे, त्यांच्यातून तांब्याच्या नळ्या आरपार गेलेल्या, आणि एका अंगाला थाळीएवढा पंखा. "मोठा घ्या आणि हा पण घ्या, तर मग पैसे संपून नवऱ्याला कॉम्प्युटरच्या पडद्याशिवाय बसावं लागेल."

"फरक काय पडेल?"

"मोठा लगेच बोलेल. धाकटा जरा विचार करून. वाक्य लांब असलं तर तुम्ही तोवर कांदा चिरून घ्याल."

"आणि पंख्याचं?"

काउंटरमागे दोन मशीनं उघडीच होती, त्यांना त्यानं कामाला लावलं. छोटा पंखा आधी डासासारखा वाजला, मग चढत चढत चढावरच्या मोपेडसारखा. रोहायाचा हात नकळत गळ्यापाशी गेला. दुसऱ्याकडे ती कान लावून उभी राहिली. "हे चालू करा ना," ती म्हणाली. "चालूच आहे, मकचिक. मागे हात धरा." तिनं हात धरला. बोटांवर कोमट वारा आला.

"एवढं तापतं कशानं?"

"तुमच्या काळच्या तुकड्यात बटणं असतील काही हजार. ह्यात काही अब्ज आहेत." तिओनं चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू ती मोजायची होती. "त्यांना दुसरं काही येत नाही. चालू, बंद. हो, नाही. पण एका क्षणात इतक्या वेळा हो-नाही करायचं म्हणजे अंग तापणारच."

इंजिनियर साहेबानं तिला उडवून लावलं नव्हतं तर. तिच्या पायांखालची फरशी थंड होती, आणि ते तिला चपला असूनही जाणवलं. "आणि तार?" तिनं विचारलं. "सोन्याची तार अजून हातानं लावतात?"

"आता तारच नसते ह्यात. तुकडा पालथा घालून खालीच चिकटवतात. पूल गेले सगळे." तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं घाईनं जोडलं, "स्वस्तातल्या बारीकसारीक वस्तूंत असते अजून. रिमोटमध्ये वगैरे."

ती विचार करून येते म्हणून बाहेर पडली. खालच्या मजल्यावर चहा घेतला, ताणून फेसाळ केलेला, आणि झैतूनला फोन लावला. झैतून आता केडाहमध्ये बदकं पाळते. दोघी सणासुदीला बोलतात, कारखान्याचं नाव काढत नाहीत. आज रोहायानं काढलं. आपण जे बांधायचो त्यातलं एक आज हातात घेतलं, म्हणाली. पलीकडे बदकं ओरडत होती.

"जिवंत आहे का अजून ते?" झैतून म्हणाली.

"आता कुठे जिवंत झालंय. माझा नवरा त्यातून बोलणार आहे."

"गझाली? त्याच्या आवाजात?"

"त्याच्या आवाजात. पण पंचाईत झालीय गं. एक घेतलं तर लगेच बोलतो पण पंखा कोकलतो. दुसरं घेतलं तर गपगार, पण एकेका वाक्याला थांबावं लागतं."

"तुझा नवरा आधी कधी थांबून बोलला होता?"

"नाही."

"मग थांबू दे की जरा. आमचे हे अजूनही विचार न करता बोलतात, बघ, काय भलं झालंय आमचं." मग तिचा आवाज बदलला. "याह, तो म्हातारा... मला तेव्हा वाटलं होतं, तो काहीतरी सांगायला बघत होता. तोंड उघडलं होतं त्यानं. मीच ओरडले आधी."

रोहायाचा चहा निवला. झैतूननं इतक्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. एका थंड खोलीत शेजारी बसून दोघींनी एकाच गावात डोकावलं होतं; एकीला कुणी दिसलं, दुसरीला कुणी नसण्याची जागा दिसली, आणि त्या दोन्हींत आता फार फरक आहे असं तिला वाटेना. वर जाताना सरकत्या जिन्यावर तिनं कठडा घट्ट धरला होता.

तिनं धाकटा प्रोसेसर आणि उंच कूलर घेतला. जोडताना बघू द्या म्हणाली, तर तिओनं काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं. प्रोसेसर त्याच्या जागी बसला, त्याला धरणारी दांडी खाली आली. मग उष्णता वर नेणाऱ्या राखाडी लेपाचा एक ठिपका, वाटाण्याएवढा. कूलरच्या तांब्याच्या बुडात तिला आपला चेहरा दिसला, तपकिरी, थोडा हललेला. तिओनं तो हळूच खाली टेकवला आणि चारही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. "एका अंगानं आवळला की लेप पळतो," तो पुटपुटला. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. टेकवायचं, दाबायचं, सोडायचं. कामाला लागलेल्या माणसाचे हात सगळीकडे सारखेच शांत असतात.

घरी गझालीनं खोक्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली: हे आणि कशाला. नुरैनीनं जोहोरहून काय काय बसवलं. पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना तो खुर्चीवरून वाकून बघायचा, आणि एकदा त्यानं बाणाला बोटानं ढोसून पाहिलं. शुक्रवारी दुपारी मुलीचा फोन आला, झालंय सगळं, अबाहना काहीतरी लिहायला सांग. त्यानं कीबोर्ड जवळ ओढला. मग एका बोटानं लिहिलं. रोहाया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. खोली शांत होती. पंखा फिरतोय की नाही कळत नव्हतं. काहीच झालं नाही; तिला वाटलं, आपण चुकीचा घेतला.

"याह. उभी का? बस ना."

शेवटचा शब्द लांबवलेला. इंजिनांच्या वर चढून चढून जरा फाटलेला आवाज, आणि त्या फटीत सगळा तोच. गझालीनं वळून मागे पाहिलं. आपल्या मागे कोण येऊन बोललं ते पाहायला. मागे कुणी नव्हतं. मग त्याचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. रोहाया बसली नाही, तिला बसता आलं नाही. त्या झाकणाखाली कुठेतरी अब्जावधी वेळा हो आणि अब्जावधी वेळा नाही झालं होतं, आणि त्यातून तिला बसायला सांगणारा एक माणूस निघाला होता. तो इतका साधा होता, इतका रोजचा, की तिच्या अंगावर काटा आला. हे समजून घ्यायला माणसाला किती वेळा जन्मावं लागेल, असं तिच्या मनात आलं. आणि तिनं जाऊन स्वयंपाकघरात उगाच नळ सोडला, बंद केला.

आता तो रोज बोलतो. पहिले काही दिवस नुसत्या तक्रारी केल्या, साठलेल्या. मासा खारट झाला होता, मे महिन्यात. दवाखान्यातली ती जाडी नर्स उद्धट होती. मग हळूहळू दुसरं येऊ लागलं. लिहितो, थांबतो, त्याचं बोलणं यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात तो तिच्याकडे बघतो, जसं पूर्वी कधी बघत नसे. पूर्वी शब्द आधी यायचे. रोहायाला एक सवय लागलीय. ती मशीनच्या मागे खुर्ची ओढून भाजी निवडते आणि डावा हात जाळीपाशी ठेवते. तो लिहीत असतो तेव्हा तिथला वारा गार असतो. लिहून झालं की थोड्या वेळानं तो कोमट होतो, मग ऊबदार. गळ्यात भोक पडल्यापासून गझाली बोलण्याआधी छाती भरून श्वास घेत नाही, घेऊन काय करणार. पण ही ऊब तिच्या बोटांवर येते आणि तिला कळतं.

काल संध्याकाळी नुरैनी फोनवर होती, काहीतरी ऑफिसातलं सांगत होती, खूप भरभर, बापासारखी. खिडकीबाहेर फेरीचा भोंगा वाजून गेला होता. गझाली बराच वेळ लिहीत बसला होता, इतकं लांब त्यानं कधी लिहिलं नव्हतं, आणि आता हात मांडीवर ठेवून तो तिच्याकडे बघत होता. खोलीत कसलाच आवाज नव्हता. रोहायाच्या बोटांवरचा वारा कोमट झाला.

"गप्प बस जरा," ती मुलीला म्हणाली. "अबाह बोलताहेत."